डोंगरावरच्या होडीतलं पाणी

यूडॉक्सीला आम्ही रानात नेलं ते एवढ्याचसाठी, की तिथे कुणाचं पाणी साचलेलं नसेल.

हे जरा नीट सांगायला हवं. आमच्या सेंट लुशियात यूडॉक्सी आरोग्य खात्यात होती, डासांच्या विभागात. घरोघर जायचं, पिंपं, टायर, कुंड्या, करवंट्या बघायच्या, पाणी दिसलं की कमरेवर हात ठेवून विचारायचं, "हे पाणी कुणाचं?" आणि उत्तराची वाट न बघता लवंडून द्यायचं. उभा जन्म त्यात गेला. डेंग्यूच्या साथीत तिने आमचं अख्खं डेनरी गाव पालथं घातलं, म्हणजे खरोखरच पालथं. मग ती निवृत्त झाली. पगार थांबला, हात थांबेनात. शेजारणीने नातीच्या बाप्तिस्म्यासाठी फुलं भिजत ठेवली होती, ती बादली हिने गटारात ओतली. पाद्रीबाबांच्या अंगणातलं पाखरांचं वाडगंही सोडलं नाही. ते बिचारे म्हणाले, "नशीब, पवित्र पाणी आत असतं." तर ही म्हणते, "ते मी बघितलंय, फादर. ते किती दिवसांनी बदलता?"

त्या दिवशी पर्पे माझ्या भट्टीवर आली. मी पाव भाजते, ती शाळेच्या स्वयंपाकघरात आहे. आम्ही तिघी एका बाकावर बसून शिकलो, आणि एकाच बाकावर बसून नापास झालो.

"तेरेझिन, हिला कुठेतरी घेऊन जाऊ या," पर्पे म्हणाली. "नाहीतर एक दिवस गाव मिळून हिलाच गटारात ओतेल."

"कुठे?"

"डॉमिनिकाला. पाठीवर सॅक टाकून, त्या पोरीबाळी जातात तसं. नुसतं रान आहे. रानात कोण पिंप भरून ठेवतंय?"

पर्पेच्या डोक्यातून एरवी शहाणपणाच्या गोष्टी येत नाहीत, त्यामुळे ही मला फारच पटली.

सॅका उसन्या. पर्पेच्या सॅकवर डायनोसोर होता, कारण ती नातवाची. माझ्या सॅकचा एक पट्टा नव्हता, तिथे पिठाच्या पोत्याची दोरी बांधली. यूडॉक्सीची मात्र नवीकोरी, आणि तिच्या बाजूच्या कप्प्यातून लांब दांड्याची पांढरी पळी बाहेर डोकावत होती. अळ्या तपासायची सरकारी पळी.

"ही कशाला?" मी विचारलं.

"सूप वाढायला," ती म्हणाली आणि बोटीच्या खिडकीबाहेर बघत बसली.

आमच्या बेटांवर साठीच्या बाईच्या पाठीवर बोजा दिसला की लोक दोनच गोष्टी समजतात. एक तर ही काहीतरी विकायला निघालीय, नाही तर नवऱ्याचं घर सोडून. डॉमिनिकात रोसोच्या धक्क्यावर उतरलो तर भाजीवाल्या बायकांनी तिसरीच काढली आणि विचारलं, "कुणाची मयत आहे गं?" आणि ज्या मिनीबसमध्ये आम्ही चढलो, तिच्या ड्रायव्हरने आरशातून आमच्या सॅकांकडे बघून घेतलं. चाळिशीचा, रुंद गालफडांचा, कालिनागो माणूस, म्हणजे त्या बेटाच्या मूळ रहिवाशांपैकी. आम्ही "बोन्जू" म्हणून नमस्कार करेपर्यंत थांबला, मग म्हणाला,

"बोन्जू, बोन्जू. काय हो, नवऱ्याला सोडलंत?"

"सोडला," पर्पे म्हणाली. "तिघींनी मिळून एकालाच."

सगळी बस हसली. ड्रायव्हरचं नाव प्रॉस्पर. आम्हाला रानातून चालत पूर्वेच्या किनाऱ्याला उतरायचंय म्हटल्यावर तो म्हणाला, "मग पायवाट आमच्याच गावात उतरते. माझ्या बहिणीकडे जेवा, रात्री तिथेच टेका. मा गार्नेट म्हणा, कुणीही घर दाखवेल. दुपारची फेरी मी आज करत नाही. मला वर काम आहे." हे शेवटचं वाक्य त्याने जरा लाजत म्हटलं, म्हणून माझ्या लक्षात राहिलं. बसच्या ड्रायव्हरला डोंगरावर कसलं काम? मी जन्माची भोचक. विचारणार होते, पण तोवर आमचं वळण आलं.

रान चांगलं होतं. ओलं, उंच, पोपटांच्या भांडणांनी भरलेलं. वादळात पडलेली झाडं अजून आडवी होती, त्यांच्या अंगावर नवी झुडपं चढलेली. यूडॉक्सी खूश होती, किंवा निदान गप्प होती. एकदा एका पानाच्या खोलगटात पाणी दिसलं तेव्हा बोटाने टिचकी मारून सांडलं, तेवढंच. पर्पेने मला कोपराने ढोसलं. बघ, सुधारतेय.

मग पायवाट ओढ्यापाशी आली. तिथे झावळ्यांचा मांडव घातलेला. आणि मांडवाखाली होडी.

खरं तर होडी नव्हेच अजून. एका प्रचंड झाडाचा कोरलेला बुंधा, दोन्ही टोकं निमुळती. माझा बाप कोळी होता. होड्या मला भावंडांसारख्या माहीत. त्यांची नावं, त्यांचे रंग, कुणाच्या तळाला कुठे ठिगळ आहे ते. पण जन्माच्या आधीची होडी मी कधी बघितली नव्हती. समुद्राचा आवाजसुद्धा येत नव्हता तिथे. नुसता ओढा, आणि ही पडलेली, काठोकाठ काळ्या पाण्याने भरलेली. पाण्याखाली नदीतले गोल दगड रचलेले. दोन्ही कडांच्या मध्ये एक काठी आडवी ताणून बसवलेली, जांभई अडकावी तशी.

"चर्चमध्ये आल्यासारखं वाटतंय," पर्पे नाक वर करून म्हणाली.

"गोमियेचं झाड आहे. चर्चमधला धूप ह्याच्याच डिंकाचा," मी म्हटलं. "पण पाणी आत का? होडीत पाणी बाहेर असायला हवं."

"आणि दगड?"

"तेच तर."

"ला ज्याब्लेसची न्हाणी असेल," पर्पे म्हणाली. आमच्याकडची ही सैतानीण दिसायला देखणी, पण झग्याखाली एक पाय बाईचा आणि दुसरा गाईचा.

"मग दगड कशाला?"

"खूर घासायला."

आम्ही हसत होतो तेवढ्यात मागून पळीचा आवाज आला. यूडॉक्सीने पळी बुडवून उजेडात धरली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर ते जुनं तेज आलं होतं, जे मी तिच्या निवृत्तीच्या समारंभानंतर बघितलं नव्हतं.

"बघा," ती म्हणाली. "नाचतायत."

अळ्या नाचत होत्या खऱ्या. पळीत दहाबारा, होडीत तर जत्राच.

"खाली गाव आहे," यूडॉक्सी म्हणाली. "पोरं असतील. म्हातारी माणसं असतील. हे पाणी कुणाचं?"

तिने मांडवाच्या चारी बाजूंना बघून घेतलं.

"असू दे गं," मी म्हटलं. "कुणीतरी मुद्दाम भरलेलं दिसतंय."

"सगळे मुद्दामच भरतात, तेरेझिन. चुकून पिंप भरलेला माणूस मी अजून पाहिला नाही."

एवढी मोठी होडी, दगडांसकट. ती काही लवंडणार नव्हती, म्हणून मी निर्धास्त होते. पण यूडॉक्सीला जगातल्या प्रत्येक वस्तूचं बूच कुठे असतं ते कळतं. ती वाकून, चाचपत, होडीच्या पोटाखालून गेली आणि तळाशी तिला एक लाकडी खुंटी सापडली. अंगठ्याएवढी. दगडाने दोन ठोके, एक हिसका. पोराने भिंतीला धार लावावी तशी काळ्या पाण्याची कमान बाहेर पडली.

आता खरं सांगायचं तर आम्ही तिला अडवलं नाही. मला बघायचं होतं की पाणी उतरल्यावर आत काय दिसतं. आम्ही बसून पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली आणि पाणी उतरताना बघत राहिलो. दगडांची डोकी एकेक वर आली. तळाशी काही नव्हतं, नुसतं तांबूस लाकूड. शेवटची धार थांबली तसा कुठूनतरी आवाज आला. टक्.

"होडी बोलली?" मी म्हटलं.

"पोट रिकामं झालं की वाजतंच," पर्पे म्हणाली.

यूडॉक्सीने खुंटी पुसली आणि खिशात टाकली. ही तिची पद्धत. बूच तिथेच ठेवलं की आपली पाठ वळताच लोक परत भरतात.

मा गार्नेटचं घर गावात भेटलेल्या पहिल्याच माणसाने दाखवलं. ती प्रॉस्परपेक्षा पुष्कळ मोठी, ओसरीत बसून टोपली विणत होती. आमच्याशी बोलताना तिची नजर आमच्यावर होती आणि बोटं आपलं आपलं बघत होती. टेबलावर कसावाच्या कंदाची भाकरी, उकडलेली हिरवी केळी, खारवलेला मासा, अळूची पातळ भाजी. आम्ही अशा तुटून पडलो की ती म्हणाली, "सेंट लुशियात दुष्काळ आहे का गं?"

तेवढ्यात बस दारात उभी राहिली आणि प्रॉस्पर आला. हात धुतले, बसला, भाकरी मोडली. आणि मी, जिला गप्प बसणं कधी जमलं नाही, विचारलं,

"वर ओढ्यापाशी एक होडी आहे, ती कुणाची हो?"

मा गार्नेट हसली. "ती? ते माझ्या भावाचं खूळ."

प्रॉस्परचे कान लाल झाले. "काकांच्या हाताखाली मी लहानपणी होड्या घडताना बघितल्यात," तो म्हणाला. "काका गेले. मग वादळ आलं आणि त्या उतारावरचं शेवटचं मोठं गोमिये पडलं. रोज बसमधून दिसायचं मला. वाटायचं, काका असते तर हे असं कुजू दिलं नसतं."

"मग हा गेला कुऱ्हाड घेऊन," मा गार्नेट म्हणाली. "सगळं गाव विचारतं, होडीला हॉर्न बसवणार का? मागे घ्यायचा गियर कुठेय?"

"हसू दे," प्रॉस्पर म्हणाला. "पण कोरून झाली आहे. आता उघडतेय."

"उघडतेय म्हणजे?" मी पुढे सरकले. सकाळपासून मनात घोळत होतं ते हेच.

"बुंधा अरुंद असतो ना, मिस तेरेझिन. तेवढ्यात माणूस मावत नाही. मग आत पाणी भरायचं, दगड भरायचे. पाण्याने लाकूड मऊ होतं, दगडांच्या भाराने कडा हळूहळू बाहेर जातात. आज एवढीशी काठी मध्ये बसते, काही दिवसांनी तिच्याहून लांब. घाई केली तर फाटतं. मध्येच सुकलं तर आत ओढून घेतं, आणि मग टोकापाशी फाटतं. फाटलं की डुकरांना खायला घालायचं कुंड होतं, बाकी काही नाही." त्याने केळं कुस्करलं. "ते काळं पाणी म्हणजेच अर्धी होडी."

पर्पेने टेबलाखालून मला लाथ मारली. मी यूडॉक्सीकडे बघितलं. तिचा चमचा तोंडाशी थांबला होता.

मला यूडॉक्सी ठाऊक आहे. तिच्या आयुष्यात शेकडो लोकांनी तिच्या तोंडावर म्हटलंय, "हे पाणी माझं नाही, मिस. मी बघितलंच नाही." ती घरी येऊन मला सांगायची, "पाण्याचा राग नाही गं येत, तोंड न उघडणाऱ्यांचा येतो." आम्ही उठून, आभार मानून, पुढच्या गावाला गेलो असतो तर कुणाला कधी कळलं नसतं. रानातून रोज माणसं जातात. नाव घ्यायला ला ज्याब्लेस तर होतीच.

यूडॉक्सीने चमचा खाली ठेवला. खिशात हात घातला. खुंटी काढली आणि प्रॉस्परच्या ताटाशेजारी ठेवली.

त्याने तिच्याकडे बघितलं, खुंटीकडे बघितलं. मा गार्नेटची बोटं थांबली. ती थांबलेली मी पहिल्यांदाच बघत होते.

"अळ्या होत्या," यूडॉक्सी म्हणाली. आवाज अगदी बारीक. "मी विचारलं होतं, पाणी कुणाचं म्हणून. पण तिथे कुणी नव्हतं."

"केव्हा?"

"आम्ही तिथे पाव खाल्ला तेव्हा. ऊन चढत होतं."

"दगड?"

"आत आहेत. दगडांना हात लावला नाही."

मला वाटलं आता हा ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता अर्धं ताट टाकून उठला. आमच्याकडे पुढ्यातलं अन्न टाकून माणूस उठतो तो घराला आग लागली तरच. दारापर्यंत गेला, परत आला, आणि बहिणीला म्हणाला,

"मला माहीत नाही आता काय करायचं. काकांना माहीत असतं."

सगळं गाव ज्याला हसत होतं, तो हे बोलला. मी हातातली भाकरी ताटात ठेवली.

"मी पुष्कळांना दंड केलाय," यूडॉक्सी उभी राहून म्हणाली. "मला सांगा काय दंड ते."

"दंड?" मा गार्नेट म्हणाली. "बादली उचल, बाई. मागच्या दारी आहे."

आणि तिने भिंतीवरचा शंख उतरवून ओसरीत फुंकला. शंखाचा आवाज आला की किनाऱ्यावर मासे आले असं समजून लोक भांडी घेऊन येतात. तसे आले. घमेली, पातेली, एक म्हातारा तर तराजू घेऊन.

"मासे कुठेत?"

"मासे नाहीत. सेंट लुशियाच्या बायकांनी प्रॉस्परची होडी पिऊन टाकली."

"सगळी?"

"थेंब ठेवला नाही."

"बघा बाई, दिसतात केवढ्याशा."

पर्पे म्हणाली, "डायनोसोर होता ना बरोबर, त्याने प्यायली," आणि पाठीची सॅक वळवून दाखवली. अशा हसत, कुरकुरत, शिव्या घालत सगळ्या घमेल्यांची वरात डोंगर चढली. प्रॉस्पर पुढे, एकटा, कुणाशी न बोलता.

मांडवाची सावली सरकली होती आणि होडीच्या एका टोकावर ऊन पडलं होतं. मधली काठी वाकली होती. कडा तिला दोन्ही बाजूंनी दाबत होत्या. निमुळत्या टोकापाशी, केसाएवढी, एक चीर. प्रॉस्परने वाकून कान लावला. मीही दुसऱ्या बाजूने लावला, मला राहवलं नाही. आत बारीक टक्, टक्. कुणीतरी लांबच्या खोलीत बदाम फोडत असावं तसं.

मग सल्ले सुरू झाले. तराजूवाला म्हातारा म्हणाला, "तुझे काका उकळतं पाणी ओतायचे." दुसरा म्हणाला, "उकळतं ते शेवटी, आगीवर कडा ताणायच्या दिवशी. आता गार ओत, पण एकदम." एक बाई म्हणाली, "एकदम ओतलंस तर बाटलीसारखी तडकेल." प्रत्येकाला त्या काकांचं वेगळंच काहीतरी आठवत होतं, आणि प्रॉस्पर प्रत्येकाकडे मान वळवत होता, आणि होडी टकटकत होती.

"पोती आहेत का?" पर्पेने विचारलं.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"माझा नवरा गवंडी होता," ती म्हणाली. "नवा स्लॅब घातला की त्यावर ओली पोती टाकायचा, नाहीतर तडे जातात. पाणी नंतर. मला लाकडातलं कळत नाही, पण ऊन लागलेल्या वस्तूला आधी अंग पुसून घेऊ द्यावं."

प्रॉस्परने होडीच्या उन्हातल्या टोकावर तळवा ठेवून बघितला. मग म्हणाला, "पोती आणा."

केळ्यांची पोती होती, नारळाची होती. ओढ्यात बुडवून होडीवर पांघरली, बाहेरून, आतून, चिरेवर दुहेरी. मांडवाला उन्हाच्या बाजूने झावळ्या लावल्या. प्रॉस्परने खुंटी तळाला ठोकायला घेतली तसा यूडॉक्सीने हात पुढे केला. त्याने दिली. तिनेच ठोकली. मग ओढ्यापासून मांडवापर्यंत सगळ्यांनी रांग धरली, आणि बादली हातोहात फिरू लागली. सावकाश, एका वेळी थोडं, कडेने. सगळ्यात खाली, गुडघाभर पाण्यात, यूडॉक्सी. जन्मभर पाणी ओतून देणारी बाई पाणी भरून देत होती, आणि प्रत्येक बादली वर देताना आत डोकावून बघत होती की अळ्या तर नाहीत ना.

सूर्य डोंगराआड गेला तेव्हा दगड बुडाले. मा गार्नेटने खालून अळकुड्यांचं कालवण आणि रम आणवली होती, ते उभ्याउभ्या झालं. प्रॉस्परने मांडवाशेजारच्या आपल्या चुलीतला कोळसा घेतला आणि जिथे चीर संपत होती तिथे, तिच्या पुढे बोटभर, एक आडवी रेघ ओढली.

"सकाळी बघू," तो म्हणाला. "रेघेच्या अलीकडे थांबली तर डिंकाने बुजवता येते. ओलांडली तर..."

"डुकरांचं कुंड," यूडॉक्सी म्हणाली.

"हो, मिस यूडॉक्सी."

तो तिथेच राहिला. आम्ही खाली आलो.

सकाळी मला जाग आली तर यूडॉक्सीचं अंथरूण रिकामं. सॅक होती, पळी नव्हती. मी पर्पेला हलवलं.

"गेली पळून," पर्पे डोळे न उघडता म्हणाली. "मीही जाणार होते, पण गुडघे ऐकत नाहीत."

कोकोचा चहा पिऊन आम्ही मा गार्नेटबरोबर वर निघालो. आज आम्हाला खरं तर पुढच्या गावाला जायचं होतं, पण तो विषय कुणी काढला नाही. वाटेत, रस्त्याकडेच्या चरापाशी, यूडॉक्सी सापडली. झगा कमरेला खोचलेला, हातात पळी, शेजारी मुरंब्याची मोठी बरणी. बरणीत काहीतरी चमकत होतं.

"काय गं हे?"

"नंतर," ती म्हणाली. "आधी होडी."

मांडवात प्रॉस्पर उकिडवा बसला होता. पोती अजून होडीवरच. त्याने ती काढली नव्हती. "तुम्ही यायची वाट बघत होतो," तो म्हणाला, आणि मला वाटतं ते पूर्ण खरं नव्हतं. त्याला एकट्याने बघायचं नव्हतं.

त्याने टोकावरचं पोतं उचललं. आम्ही पाचही डोकी एकत्र वाकलो. चीर वाढली होती. काल संध्याकाळपेक्षा पुढे आली होती. कोळशाच्या रेघेपर्यंत आली होती, रेघेला टेकली होती.

"ओलांडली का?" पर्पेने विचारलं. "मला चष्म्याशिवाय दिसत नाही. कुणीतरी सांगा."

प्रॉस्परने बोट फिरवलं. एकदा, दोनदा. नखाने रेघेच्या पलीकडचं लाकूड चाचपलं.

"नाही," तो म्हणाला.

मग उठून मधल्या काठीपाशी गेला आणि तिला हलकेच टिचकी मारली. काठी पाण्यात पडली. डुबुक. कुणी ओढली नाही, कुणी ढकलली नाही. कडांनी तिला सोडून दिलं होतं. मी कान लावला. आतलं टकटकणं थांबलं होतं. नुसती ओल्या लाकडाची शांतता होती, झोपलेल्या माणसाजवळ कान नेल्यावर असते तशी.

प्रॉस्पर त्या तरंगत्या काठीकडे बघत राहिला आणि मग त्याने आपल्या बहिणीला उचललं. ती ओरडली, "अरे, खाली ठेव गाढवा, मी होडी आहे का?" त्याने नवी, जरा लांब काठी कडांमध्ये बसवली. बसली. तिघांनी तरी आळीपाळीने हात लावून बघितलं, बसली की नाही.

यूडॉक्सी बरणी घेऊन उभी होती. मी तिला अशी कधीच बघितली नव्हती. शाळेत उशिरा पोचलेली मुलगी दारात उभी राहते तशी.

"मेस्ये प्रॉस्पर," ती म्हणाली. "एक विचारायचं होतं."

"विचारा."

"पाणी तुमचं आहे, ते तुमचंच राहील. पण अळ्या परत येणार. ओढ्याच्या पाण्यात आठवड्यात येतात. हे गप्पी मासे आहेत. ते अळ्या खातात. आत सोडू का?"

प्रॉस्परने बरणी हातात घेऊन उजेडात धरली. नखाएवढे मासे, शेपट्या हलवत.

"लाकूड नाही ना खात?"

"नाही."

"डिंकाच्या पाण्यात जगतील?"

"माहीत नाही," यूडॉक्सी म्हणाली. "काही मरतील. मेले तर मी रोज नवीन आणीन."

"रोज?" पर्पे म्हणाली. "आपण उद्या बोट पकडणार आहोत."

"तुम्ही पकडा," यूडॉक्सी म्हणाली. "पाणी रोज वरपर्यंत भरायला लागतं. ह्यांना बस चालवायची असते."

मा गार्नेटने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. ती म्हणाली, "माझ्याकडे खाट आहे. पण सांगून ठेवते, मी घोरते."

प्रॉस्परने बरणी परत दिली. "सोडा."

यूडॉक्सीने बरणी पाण्याला टेकवून तिरकी केली. मासे एकेक करून बाहेर गेले, दगडांच्या मधून, काळोखात. क्षणभर काही दिसलं नाही. मग एक वर आला, पाण्याला चोच मारल्यासारखं केलं, आणि परत गेला.

"हे गावात कुणाला सांगू नका," प्रॉस्पर म्हणाला. हसू दाबत होता, दाबलं जात नव्हतं. "ते म्हणतील, ड्रायव्हरच्या होडीला समुद्र लागलाच नाही. डोंगरावरच मासे मिळतात."

दुपारी त्याने पर्पेला आणि मला रोसोच्या बसमध्ये बसवलं, पुढच्या सीटवर, फुकट. पर्पेने गुडघ्यांवर डायनोसोर घेतला. यूडॉक्सी फाटकापर्यंत सोडायला आली. आमच्या पाप्या घेतल्या, आणि मागे वळताना तिची नजर अंगणात, जांभळाच्या झाडाखाली ठेवलेल्या एका मातीच्या परळावर गेली. त्यात पाणी होतं.

ती थबकली. हात कमरेवर गेले. मग, मी बघत होते, ते हात तिथून निघून पाठीमागे एकमेकांत अडकले.

"मा गार्नेट," तिने हाक मारली. "हे पाणी कुणाचं?"

"कोंबड्यांचं," आतून आवाज आला.

"बरं," यूडॉक्सी म्हणाली आणि ओसरीकडे चालू लागली.

बस सुरू झाली. मी मागे वळून बघत होते, म्हणून मला दिसलं. ओसरीच्या पायरीपर्यंत गेली, थांबली, परत आली. परळातलं पाणी झाडाच्या मुळाशी ओतलं, परळ झग्याच्या टोकाने पुसला, आणि घागरीतून ताजं, काठोकाठ, भरून ठेवलं.